लेकाला फुटबॉलसाठी चार कॉलेजांकडून बोलावणं आहे, कुठे पाठवावं?

ऋजुता_ओहायो | २७ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. अमेरिकेत मुलं वाढवणारे इथे पुष्कळ जण आहेत. त्यातलं कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

आमचा लेक हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात आहे आणि शाळेच्या फुटबॉल संघाचा किकर आहे. म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लहानपणापासून सॉकर खेळायचा. नववीत असताना शाळेच्या फुटबॉल कोचने त्याची फ्री किक पाहिली आणि आम्हाला फोन केला. तेव्हापासून हंगामात दर शुक्रवारी रात्री आमचं अख्खं घर मैदानावर असतं.

आता चार ठिकाणांहून बोलावणं आहे. बोलणी चालू आहेत म्हणून कॉलेजांची नावं लिहीत नाही. बिग टेन या बड्या विद्यापीठांच्या गटातलं एक मोठं विद्यापीठ 'प्रिफर्ड वॉक-ऑन' म्हणून ये म्हणतंय. संघात घेऊ, पण पैसे देणार नाही. शिवाय ते दुसऱ्या राज्यात, म्हणजे परराज्याची पूर्ण फी. त्यांचा आत्ताचा किकर दुसऱ्या वर्षाला आहे आणि चांगला आहे. पेट्रियट लीग या लहान गटातलं एक कॉलेज साधारण ६० टक्के खर्चाची स्कॉलरशिप देतंय, आणि त्यांचा किकर याच वर्षी बाहेर पडतोय. हार्वर्ड-प्रिन्स्टनच्या गटातल्या एका आयव्ही कॉलेजचा कोच म्हणतो, मार्क प्रवेश विभागाने पाहिलेत, मी पाठीशी उभा राहतो. पण १ नोव्हेंबरच्या आत अर्ली डिसिजनचा, म्हणजे प्रवेश मिळाला तर यायचंच अशा बोलीचा अर्ज कर आणि मला ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हो-नाही कळव. चौथं कॉलेज डिव्हिजन थ्री या तिसऱ्या स्तरातलं, इंजिनिअरिंगला नावाजलेलं. तिथे खेळासाठी पैसे देतच नाहीत, पण मार्कांवरची मदत बऱ्यापैकी आहे.

लेकाला मेकॅनिकल करायचंय. त्याचा जीव बिग टेनमध्ये अडकलाय. नवऱ्याला आयव्ही सोडवत नाही. मला वाटतं, फुटबॉल उद्या सुटला तरी जिथे तो चार वर्षं आनंदाने राहील तेच कॉलेज घ्यावं. हे घरात म्हटलं की दोघंही म्हणतात, आत्तापासून पाय मोडायची भाषा कशाला! तुम्ही काय केलंत, किंवा काय केलं असतंत?

अटकेपार | २७ सप्टेंबर

मनापासून अभिनंदन! चार ठिकाणांहून बोलावणं येतं म्हणजे पोराने घाम गाळलाय. ऑफिशियल व्हिजिट झाल्या का? म्हणजे ज्यात मुलाच्या प्रवासाचा, राहण्याचा खर्च कॉलेज करतं त्या. पूर्वी अशा पाचच भेटींची मुभा होती, २०२३ पासून ती मर्यादा गेली. पण एका कॉलेजची भेट एकदाच मिळते, तेव्हा जाल तर सामन्याच्या शनिवारी जा.

कोथरूडकर | २८ सप्टेंबर

पुण्यातून वाचतोय, या खेळातलं काही कळत नाही, पण धागा आवडला. दोन प्रश्न. नुसती किक मारायला वेगळा खेळाडू असतो? आणि कॉलेज खेळासाठी मुलांवर इतका पैसा का खर्च करतं?

भडंग | २८ सप्टेंबर

@कोथरूडकर, हो, वेगळाच असतो. फील्ड गोलचे ३ गुण, टचडाउननंतरचा १ गुण आणि किकऑफ ही त्याची कामं. सामन्यात मोजक्या वेळा मैदानात येतो, पण शेवटच्या चार सेकंदांत दोन गुणांनी मागे असलेला संघ त्याच्याकडेच बघतो.

पैसा येतो टीव्हीतून. बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी २०२२ मध्ये सात वर्षांचा करार केला, तो ७ अब्ज डॉलरच्या वरचा आहे.

आणि पुण्याचा या खेळाशी अगदीच संबंध नाही असं समजू नका. २०१२ च्या सुमारास एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया सुरू झाली, त्यात 'पुणे मराठाज' नावाचा संघ होता. त्या लीगमध्ये पैसे घालणाऱ्यांत ब्रँडन चिलार होता. त्याचे वडील भारतीय. तो यूसीएलएकडून खेळला आणि पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ग्रीन बे पॅकर्सचा लाइनबॅकर झाला.

कोथरूडकर | २८ सप्टेंबर

बालेवाडीत इतकी वर्षं जातोय, पण पुणे मराठाज आज पहिल्यांदा ऐकलं! लिहीत राहा.

ह्यूस्टनकर | २८ सप्टेंबर

ऋजुताताई, वॉक-ऑनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्या घरात हे नुकतंच घडलंय.

माझा मुलगा लाइनमन. एका मोठ्या विद्यापीठात वॉक-ऑन म्हणून गेला. पहाटे पाचला जिममध्ये, दुपारी सराव, शनिवारी गणवेश घालून बाजूला उभं राहायचं. त्याची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. मग हाउस खटल्याची (कॉलेज खेळाडूंनी पैशांवरून केलेल्या) तडजोड आली. आधी फुटबॉलला ८५ स्कॉलरशिपची मर्यादा होती, पण त्यावर बिनपैशाची कितीही पोरं ठेवता यायची. मोठ्या संघांत १२०-१२५ जण सहज असायचे. तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना स्कॉलरशिपची मर्यादा उरली नाही, पण अख्खा संघ १०५ चाच ठेवायचा असं ठरलं. तडजोड मंजूर व्हायच्या आधीच कोच लोकांनी वरची मुलं कमी करायला सुरुवात केली, आणि त्यात आमचा मुलगा गेला.

न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी याच मुद्द्यावर मंजुरी अडवून धरली होती. शेवटी ६ जून २०२५ ला मंजुरी दिली तेव्हा अशी सोय झाली की या कारणाने काढलेल्या मुलांना परत घेतलं तर ती १०५ मध्ये मोजायची नाहीत. पण परत घ्यायलाच हवं अशी सक्ती नाही. आमच्याकडे फोन आला नाही.

तुमचा मुलगा २०२६ मध्ये जाणार. त्याला ती सोय लागू नाही, तो थेट १०५ मध्ये मोजला जाईल. आणि १०५ मध्ये एखादा कोच किती किकर, पंटर (हातातून सोडलेला चेंडू लांब मारणारा), लाँग स्नॅपर (किकसाठी चेंडू मागे फेकणारा) ठेवेल याचा विचार करा. म्हणून 'प्रिफर्ड' या शब्दावर जाऊ नका. लग्नात जशा याद्या लिहून घेतात तसं लिहून घ्या: पहिल्या वर्षी १०५ मध्ये जागा आहे की नाही, दुसऱ्या वर्षी कोण ठरवणार, पैसे कधी आणि कशावर मिळणार. जो लिहून देत नाही तो वाईट माणूस असतो असं नाही. त्याच्या हातात ते नसतं एवढंच. पण ते आज कळलेलं बरं.

नीलाक्षी | २९ सप्टेंबर

@ह्यूस्टनकर, वाचून वाईट वाटलं. तरी माझं मत वेगळं आहे.

जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनमध्ये स्कॉलरशिपवर होता. ती सोडून वॉक-ऑन म्हणून विस्कॉन्सिनला गेला, मधल्या काळात पिझ्झा हटमध्ये काम केलं, आणि पुढे एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू तीनदा ठरला. स्टेट्सन बेनेट जॉर्जियात वॉक-ऑन होता, मध्ये एका ज्युनियर कॉलेजात जाऊन परत आला, आणि २०२१ व २०२२ असे लागोपाठ दोन राष्ट्रीय किताब जिंकून दिले. किकरांमध्ये तर वॉक-ऑन हाच नेहमीचा रस्ता आहे. शाळेतून थेट पूर्ण स्कॉलरशिप मिळणारे किकर फार थोडे. मुलाचा जीव जिथे आहे तिथे त्याला जाऊ द्या. १८ व्या वर्षी आईबापांनी आकडेमोड करून दुसरीकडे पाठवलं तर ते मनात राहतं.

ह्यूस्टनकर | २९ सप्टेंबर

@नीलाक्षी, ही दोन्ही उदाहरणं १०५ च्या नियमाआधीची आहेत. तेव्हा थांबायला जागा होती. बाकी, मुलाचं मन राखायला हवं याला माझंही अनुमोदन.

शमा | २९ सप्टेंबर

मी पैशांबद्दल लिहिते, कारण आपली माणसं नेमकं तेच विचारायला संकोचतात.

आयव्हीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नाही. १९५४ च्या करारापासून नाही. हाउस तडजोडही आयव्हीने स्वीकारली नाही. मदत मिळते ती घरच्या उत्पन्नावर. मात्र ती बरीच वाढलीय. २०२५-२६ पासून हार्वर्डमध्ये २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना शिकवणीची फी नाही, आणि प्रिन्स्टनमध्ये २.५ लाखांपर्यंतच्या बहुतेक घरांना नाही. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' असतो. तो आज रात्रीच भरा. दोघंही आयटीत असाल तर कदाचित फारसं काही मिळणार नाही आणि वर्षाला ९०,००० डॉलरच्या आसपासचा आकडा समोर येईल.

पण एक फायदा आहे. ही मदत उत्पन्नावरची असल्याने मुलाने फुटबॉल सोडला तरी ती जात नाही. तुमचं जे मत आहे, फुटबॉल सुटला तरी तिथे राहता यावं, ते आयव्हीत पैशाच्या बाबतीत आपोआप जमतं.

पेट्रियट लीगमध्ये फुटबॉलसाठी खेळाची स्कॉलरशिप २०१३ पासून सुरू झाली. तिथे विचारायचं ते हे: ६० टक्के एका वर्षासाठी की चार वर्षांसाठी? २०१२ पासून अनेक वर्षांची स्कॉलरशिप देण्याची परवानगी आहे, पण सगळे देत नाहीत. दुखापत झाली तर काय? खेळ खालावला तर काय? बिग टेनसारख्या मोठ्या परिषदांनी (गटांनी) २०१५ मध्ये नियम केला की खेळातल्या कामगिरीवरून स्कॉलरशिप काढायची नाही. पेट्रियट लीग त्या मोठ्यांत नाही, तेव्हा तुमच्या कागदावर काय लिहिलंय तेच खरं.

ऋजुता_ओहायो | ३० सप्टेंबर

सगळ्यांचे खूप आभार. शमा, काल रात्री कॅल्क्युलेटर भरला. आम्ही दोघंही नोकरी करतो, मदत अगदी थोडी दिसतेय. धाकटी नववीत आहे, तिच्या शिक्षणाचंही बघायचंय. ह्यूस्टनकर, तुमचा प्रतिसाद लेकाला वाचून दाखवला. आधी गप्प बसला, मग वहीत प्रश्न लिहून काढले. पुढच्या दोन शनिवारी दोन भेटी आहेत, तिथे तो स्वतःच विचारणार आहे.

डॉ_विहंग | १ ऑक्टोबर

अजून डोक्याच्या दुखापतीचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. बोस्टन विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एनएफएलच्या १११ पैकी ११० मेंदूंमध्ये सीटीई हा डोक्याला वारंवार बसलेल्या मारामुळे होणारा मेंदूचा विकार आढळला, आणि फक्त कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ पैकी ४८ मध्ये. हे आकडे जसेच्या तसे सगळ्या खेळाडूंना लावता येत नाहीत, कारण लक्षणं दिसलेल्यांच्या कुटुंबांनीच मुख्यतः मेंदू दान केले होते. पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाहीत.

किकरला टक्कर कमी, हे खरं. तरी किकऑफ झाल्यावर तोही मैदानात असतो, आणि चेंडू घेऊन धावणारा सगळ्यांना चुकवून आला तर पुढे तोच उभा असतो. आयव्हीने २०१६ मध्ये किकऑफची जागा ३५ वरून ४० यार्डच्या रेषेवर आणली, म्हणजे चेंडू जास्त वेळा सरळ एंड झोनमध्ये जाऊन खेळ तिथेच थांबावा. त्यानंतर दर १००० किकऑफमागे कन्कशनचं (मार बसून मेंदू हादरण्याचं) प्रमाण १०.९३ वरून २.०४ वर आलं. डार्टमाउथमध्ये बडी टीव्हेन्स या कोचने २०१० पासून सरावात एकमेकांना पाडणंच बंद केलं होतं. पुढे हंगामातल्या सरावासाठी सगळ्या आयव्ही कोचांनी हे मान्य केलं.

कुठेही गेलात तरी एक प्रश्न विचारा: डोक्याला मार लागल्यावर खेळाडू परत कधी खेळेल हे कोण ठरवतं, आणि त्या डॉक्टरवर कोचचा वचक आहे का?

गोलंदाज | १ ऑक्टोबर

इथे न्यू जर्सीत शाळेच्या संघाला किकिंगमध्ये मदत करतो. ऋजुताताई, एक अगदी मैदानावरची गोष्ट.

ओहायोत शाळेत फील्ड गोलला चेंडूखाली दोन इंचांपर्यंतचा ठोकळा चालतो. कॉलेजात नाही, तिथे चेंडू थेट जमिनीवरून मारायचा. शाळेतले गोलचे खांब एकमेकांपासून २३ फूट ४ इंच, कॉलेजात १८ फूट ६ इंच. म्हणजे पावणेपाच फुटांहून जास्त जागा कमी होते. किकऑफ शाळेत ४० यार्डवरून, कॉलेजात ३५ वरून. शाळेत ४८ यार्डवरून धडाधड मारणारी पोरं कॉलेजच्या पहिल्या महिन्यात गोंधळतात ती यामुळे. टेक्सासच्या मुलांना हा त्रास बराच कमी, कारण तिथल्या शाळा बहुतांशी कॉलेजचेच नियम वापरतात. ह्यूस्टनकरांना माहीत असेल.

म्हणून मी नेहमी विचारतो, तिथे किकिंगचा वेगळा कोच आहे का? अनेक ठिकाणी 'स्पेशल टीम्स'चा कोच असतो, पण त्याला पावलांची मोजणी, पाय कुठे टेकवायचा, हे शिकवता येतंच असं नाही. मुलगा स्वतःच व्हिडिओ बघत राहतो. आणि तो पंटिंगही करत असेल तर ऑस्ट्रेलियाकडे लक्ष ठेवा. मेलबर्नची प्रोकिक ऑस्ट्रेलिया ही संस्था ऑस्ट्रेलियन रूल्स खेळलेली, वयाने मोठी मुलं तयार करून अमेरिकन कॉलेजांत पाठवते. सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कार त्यांच्या मुलांनी कितीतरी वेळा नेलाय. पंटर म्हणून शाळेतून येणाऱ्यांची वाट अरुंद झालीय.

आत्तापासून ठोकळा काढून टाका. सामन्यात राहू दे, सरावात नको.

ह्यूस्टनकर | १ ऑक्टोबर

@गोलंदाज, बरोबर. इथे शाळेपासूनच जमिनीवरून मारतात.

बे_एरिया_बाबा | ३ ऑक्टोबर

थोडं विषयांतर, पण आपल्यातल्या अनेकांच्या कामाचं आहे. माझा मुलगा दहावीत आहे, बचावातल्या सेफ्टी या जागी खेळतो, आणि आम्ही अजून एच-१बी वर. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांचं काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगा एच-४ वर (आमच्या व्हिसावर अवलंबून) आहे, २१ पूर्ण झाले की ते संपणार. त्याआधी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल. कोच विचारतात, नाव-प्रतिमेचे पैसे किती अपेक्षित आहेत? काय सांगायचं?

शमा | ३ ऑक्टोबर

@बे_एरिया_बाबा, स्कॉलरशिप घ्यायला व्हिसाची आडकाठी नाही. जाहिराती करून पैसे घेणं हे काम धरलं जाऊ शकतं, आणि एच-४ किंवा एफ-१ वर तशी मोकळीक नाही. १ जुलै २०२१ पासून बाकी मुलांना ही कमाई खुली झाली, पण परदेशी विद्यार्थी तिथेच अडकलेत. आता १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं स्वतः खेळाडूंना हिस्सा देऊ लागलीत, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला साधारण २.०५ कोटी डॉलरपर्यंत. त्यात तर गुंता आणखी वाढतो. कोचला व्हिसाची स्थिती पहिल्याच बोलण्यात सांगा, आणि इमिग्रेशन वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही नको. मुलाने टी-शर्टच्या बदल्यात इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकणंसुद्धा नको.

ऋजुता_ओहायो | ३ ऑक्टोबर

आमचा इथेच जन्मलाय, त्यामुळे हा प्रश्न आला नाही. पण बाबा, तुम्ही विचारलंत ते फार चांगलं केलंत. आमच्या मित्रांतच दोन घरं अशी आहेत.

अटकेपार | ५ ऑक्टोबर

माझा कौल आयव्हीला. आयव्हीचे कोच सांगतात की हा निर्णय चार वर्षांचा नाही, चाळीस वर्षांचा आहे. ते त्यांच्या फायद्याचं बोलतात हे मान्य, पण बोलतात ते बरोबर आहे. किकरच्या पायावर एनएफएलमध्ये फक्त ३२ जागा. पदवी मात्र कायमची. आणि आता तर २०२५ च्या हंगामापासून आयव्हीचा विजेता एफसीएसच्या (डिव्हिजन वनच्या दुसऱ्या फळीच्या) प्लेऑफमध्येही जाणार. इतकी वर्षं ते जातच नव्हते. कर्ज काढा, पण सोडू नका.

मिरजेचा_बाळू | ५ ऑक्टोबर

अटकेपार, तीन-साडेतीन लाख डॉलरचं कर्ज २२ वर्षांच्या मुलाच्या किंवा पन्नाशीतल्या आईबापांच्या डोक्यावर ठेवून कुठली पदवी गोड लागते? मेकॅनिकल इंजिनिअरला नोकरी देणारा इंटर्नशिप बघतो. मी स्वतः माणसं घेतो, कॉलेजच्या नावावरून कुणाला घेतलेलं नाही.

अटकेपार | ५ ऑक्टोबर

तुम्ही घेत नसाल. मी ज्या क्षेत्रात आहे (वित्त), तिथे पहिली मुलाखत कॉलेजच्या नावावरच मिळते. आणि आयव्हीच्या फुटबॉल संघातून आलेल्या मुलाला जुने खेळाडू स्वतःहून फोन करतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नीलाक्षी | ६ ऑक्टोबर

पण मुलगा वित्तात जाणार आहे की मेकॅनिकल करणार आहे? आणि तो स्वतः काय म्हणतोय ते या वादात हरवतंय.

पेनसिल्व्हेनियाची_मावशी | ८ ऑक्टोबर

लीहाय आणि लाफायेत या दोन कॉलेजांजवळ राहते. ऋजुता, तुझं कॉलेज यातलं असेल वा नसेल, पण पेट्रियट लीग म्हणजे दुय्यम असं मुलाच्या मनात असेल तर नोव्हेंबरात इथे घेऊन ये. ही दोन कॉलेजं १८८४ पासून एकमेकांशी खेळताहेत. देशात इतक्या वेळा एकमेकांशी खेळलेली दुसरी जोडी नाही. २०१४ मध्ये १५० वा सामना होता तो न्यूयॉर्कला यांकी स्टेडियममध्ये झाला, आमच्या गल्लीतली निम्मी घरं तिकडे गेली होती. एरवी स्टेडियम लहान, मैदान अगदी जवळ. सामना संपला की आईबाप, प्राध्यापक, खेळाडू सगळे पार्किंगमध्ये एकत्र जेवतात. प्राध्यापकाला मुलाचं नाव आणि जर्सीचा नंबर दोन्ही माहीत असतात. माझ्या शेजारणीचा मुलगा इथे खेळला, आणि ती अजून दर सामन्याला जाते.

भडंग | ८ ऑक्टोबर

मावशी, पार्किंगमध्ये जेवायला काय असतं तेही लिहा. आम्ही डबे घेऊन येतो.

मिरजेचा_बाळू | १३ ऑक्टोबर

कालची बातमी वाचली का? पेन स्टेटने जेम्स फ्रँकलिनला काढलं. गेल्या हंगामात प्लेऑफच्या उपांत्य फेरीत नेलेला कोच, या हंगामाच्या सुरुवातीला संघ देशात दुसऱ्या क्रमांकावर, आणि लागोपाठ तीन पराभवांनंतर घरी. ज्या मुलांनी त्याच्याकडे बघून शब्द दिला होता ती आता काय करणार?

ह्यूस्टनकर | १३ ऑक्टोबर

म्हणूनच ऋजुताताईंचा मूळ मुद्दा मला पटतो. पाय मोडण्याची भाषा अशुभ वाटत असेल तर कोच जाण्याची करा. पाय मोडेलच असं नाही, कोच मात्र बहुतेक जातोच. नवा कोच आला की तो जानेवारीत ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) स्वतःचा किकर आणतो. २०२४ पासून मुलांना एका कॉलेजातून दुसऱ्यात कितीही वेळा जाऊन लगेच खेळता येतं, तेव्हा तीन वर्षं कॉलेजात मारलेला तयार किकर सहज मिळतो. शाळेतून आलेल्या मुलाची वाट कशाला बघेल?

ऋजुता_ओहायो | १९ ऑक्टोबर

भेटी झाल्या. सविस्तर लिहिते, कारण तुमच्या सगळ्यांचे प्रश्न त्याने विचारले.

बिग टेनचा कोच सरळ माणूस वाटला. म्हणाला, पहिल्या वर्षी तू आमच्या योजनेत आहेस, पण १०५ चं लिहून देता येणार नाही, ते ऑगस्टच्या सरावानंतर ठरतं. आणि दर जानेवारीला पोर्टलमध्ये आम्ही किकर बघतोच. लेकाने विचारलं, संघात मेकॅनिकलचे किती जण आहेत? तिथल्या सल्लागाराने सांगितलं की दुपारच्या लॅब आणि सराव यांची वेळ जुळत नाही, त्यामुळे बहुतेक जण दुसरा विषय घेतात. परत येताना गाडीत तो फार बोलला नाही.

पेट्रियट लीगच्या कॉलेजात रात्री संघातल्या मुलांबरोबर राहिला. त्याला ज्याच्या खोलीत ठेवलं तो लाइनबॅकर सिव्हिल करतोय आणि रात्री अकराला त्याच्या रूममेटची थर्मोडायनॅमिक्सची गणितं दोघं मिळून सोडवत होते. सराव सकाळी असतो, लॅब दुपारी. किकिंगसाठी वेगळा माणूस आहे, आठवड्यातून दोन दिवस येतो. स्कॉलरशिप चार वर्षांची, दुखापत झाली तरी चालू राहील असं लिहून देतो म्हणाले. डॉक्टरांचा प्रश्नही विचारला: खेळायचं की नाही हे टीमचा डॉक्टर ठरवतो आणि तो फुटबॉल कोचच्या हाताखाली नाही.

आयव्हीच्या कोचला नाही कळवलं. नवऱ्याला फार जड गेलं. त्याने तीन रात्री आकडे मांडले, आणि शेवटी फोन त्यानेच लावून दिला. बोलला मात्र लेक. कोचने चांगलं घेतलं, शुभेच्छा दिल्या.

आता पेट्रियट, बिग टेन आणि डिव्हिजन थ्री उरलेत.

अटकेपार | १९ ऑक्टोबर

मला अजूनही आयव्हीच बरं वाटतं, पण मुलाने स्वतः फोन केला हे वाचून आनंद झाला. कोचला नाही म्हणायला मोठ्या माणसांनाही जमत नाही.

डॉ_विहंग | २० ऑक्टोबर

चार वर्षांची स्कॉलरशिप आणि दुखापतीनंतरची हमी, दोन्ही सहीच्या कागदावर आहेत ना ते बघा. ईमेलमध्ये असून उपयोग नाही.

शमा | २० ऑक्टोबर

+१. आणि खेळाडू कॉलेजला बांधील राहील असा पूर्वीचा कागद, 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट', ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाला. आता सही होते ती थेट आर्थिक मदतीच्या करारावर. त्यामुळे त्या कागदाचा शब्द न् शब्द वाचा. सह्या ३ डिसेंबरपासून.

कोथरूडकर | २१ ऑक्टोबर

डिव्हिजन थ्रीबद्दल कुणीच बोलत नाही. ते का मागे पडलं?

गोलंदाज | २१ ऑक्टोबर

@कोथरूडकर, चांगला प्रश्न. मागे पडायला नको होतं. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, शिकागो विद्यापीठ यांचं फुटबॉल डिव्हिजन थ्रीमध्येच आहे. मुलं मनापासून खेळतात, उन्हाळ्यात इंटर्नशिप करता येते. एक पैसाही खेळासाठी मिळत नाही, म्हणून सोडताना कुणाचं देणंही लागत नाही. ऋजुताताईंच्या मुलाला पेट्रियटने हो म्हटलं नसतं तर मी हेच सांगितलं असतं.

ऋजुता_ओहायो | ४ डिसेंबर

काल सकाळी शाळेच्या ग्रंथालयात सही झाली. पेट्रियट लीग. चार वर्षं, ६० टक्के, दुखापतीचं कलम कागदावर. वर मार्कांवरची थोडी मदतही मिळाली, त्यामुळे आमच्यावर राज्याच्या सरकारी विद्यापीठाएवढाच भार येतो.

बिग टेनला नाही म्हणताना त्याला वाईट वाटलं आणि ते त्याने लपवलं नाही. नीलाक्षी, तुमचं म्हणणं आम्ही दोघांनी धरून ठेवलं होतं. त्याला सांगितलं, तुला तिथेच जायचं असेल तर जा, पैशाचं आम्ही बघू. दोन दिवसांनी येऊन म्हणाला, मला शनिवारी मारायचंय, बाजूला उभं राहायचं नाहीये, आणि मेकॅनिकल सोडायचं नाहीये. मग प्रश्नच संपला.

ठोकळा ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून सरावात बंद आहे. आधी चेंडू सगळे खाली जात होते, आता ४२-४३ यार्डपर्यंत नीट जातात.

नीलाक्षी | ४ डिसेंबर

खूप खूप अभिनंदन! त्याने स्वतः ठरवलं, मला हेच हवं होतं.

ह्यूस्टनकर | ४ डिसेंबर

अभिनंदन ताई. आमचा मुलगाही जानेवारीत एका डिव्हिजन टू कॉलेजात जातोय. तिथल्या कोचने स्वतःहून फोन केला. सुरुवातीपासून खेळेल म्हणतात.

ऋजुता_ओहायो | ४ डिसेंबर

किती छान बातमी! सामन्यांचं वेळापत्रक आलं की इथे टाका.

पेनसिल्व्हेनियाची_मावशी | ५ डिसेंबर

आता तरी कॉलेज कुठलं ते मला निरोपातून कळव. जवळ असेल तर पहिल्या सामन्याला जेवण माझ्याकडून. भडंग, तुम्हीही या.

रेवा_सिनसिनाटी | ६ डिसेंबर

अख्खा धागा एका बैठकीत वाचला. माझी मुलगी नववीत आहे आणि फ्लॅग फुटबॉल (समोरच्याला पाडण्याऐवजी त्याच्या कमरेची पट्टी ओढायची असा प्रकार) खेळते. मुलींसाठी कॉलेजात असं काही आहे का?

गोलंदाज | ६ डिसेंबर

@रेवा, आहे आणि वाढतंय. एनएआयए या लहान कॉलेजांच्या संघटनेत २०२१ पासून मुलींच्या फ्लॅग फुटबॉलची स्पर्धा होते, पहिला किताब कॅन्ससच्या ओटावा विद्यापीठाने जिंकला होता. तिथली अनेक कॉलेजं स्कॉलरशिपही देतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आहे, त्यामुळे पुढच्या तीन वर्षांत बरंच बदलेल. ती कुठल्या जागी खेळते, धावते की फेकते? वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.